काकवीच्या टाकीतला गोंगाट

विल्ट्रूड केसेनिख यांच्याविषयी हाइमरबाखमध्ये आजही असे सांगितले जाते की, त्यांनी अंडी विकण्याच्या मिषाने काकवीच्या कारखान्यात प्रवेश मिळवला आणि गिडेस लुसेम या म्हाताऱ्या गुळव्याला घरी बसवले. या विधानाची छाननी केली तर त्यातले फारसे काही टिकत नाही. विल्ट्रूडबाईंनी अंडी विकली नाहीत. त्या कारखान्याच्या उघड्या फाटकातून, दिवसाढवळ्या आत गेल्या. आणि गिडेस यांना कोणीही घरी बसवले नाही. गाडी मात्र अंड्यांचीच होती, एवढे मान्य करावे लागते.

पुढील हकीकत विल्ट्रूडबाई, गिडेस आणि कारखान्याच्या मालकीण ओडिलिया ब्लेसगेन या तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेल्या गोष्टी ताडून लिहिली आहे. जेथे तिघांचे जुळत नाही, तेथे तसे म्हटले आहे.

विल्ट्रूडबाई रेडिओ-मापन सेवेत होत्या. छपरावर अँटेना असलेली पांढरी गाडी घेऊन त्या पश्चिम जर्मनीतल्या आयफेलच्या पठारावर आणि खाली ऱ्हाइनच्या काठापर्यंत हिंडत. अग्निशमन दलाच्या संदेशांत खरखर आली, विमानतळाला कुठूनशी शीळ ऐकू येऊ लागली, की उगम शोधायला त्यांना पाठवले जाई. उगम बहुधा क्षुल्लक निघे: कोंबड्यांच्या खुराड्यातला दिवा, माशांच्या पेटीतले पाणी गरम ठेवणारी कांडी, गुरांच्या कुंपणात वीज सोडणारे खोके. शोध लागल्याचा आनंद होत असेल, असे मी एकदा सुचवले. त्यांनी ते मान्य केले नाही.

"कसला आनंद? चोर पकडणाऱ्याला आनंद होतो. इथं कोणी चोर नसतोच. आपण गोंगाट करतोय हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकही नसतं. मी दार वाजवते आणि त्यांची नवीकोरी वस्तू बंद करायला लावते. इतकी वर्षं हेच केलं. कॉफी विचारतात हो, नाही असं नाही. पण कप पुढे करताना माझ्याकडे बघत नाहीत."

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत. उजवा खांदा चोळत, दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट सांगावी तसे म्हणतात. तिपाई आणि अँटेना उचलून उचलून तो खांदा कायमचा आखडला आहे.

पठाराच्या पलीकडे, एका अरुंद दरीत, आकाशातले रेडिओ संकेत ऐकणारी प्रचंड दुर्बीण आहे. आसपासच्या गावांत तिला नुसते 'परात' म्हणतात. परातीवर काम करणारे डॉक्टर त्यार्क ओनेन हे उत्तरेकडच्या समुद्रकाठचे गृहस्थ. बोलणे मोजके आणि सूर कायम विनंतीचा. दूर अंतराळातल्या अतिशीत ढगांत अमोनिया असतो आणि तो अत्यंत क्षीण, ठरावीक लहरींवर बोलतो. ते बोलणे टिपणे हे ओनेन यांचे काम. त्यांनी मापन सेवेला फोन केला, तो एका शरद ऋतूच्या मध्यावर.

"आमच्या कानाशी कोणीतरी चुटक्या वाजवतंय," ते म्हणाले. "आमच्या पट्ट्याच्या अगदी कडेला. काही तास वाजतं, मग थांबतं. आकाशातलं नाही, एवढं नक्की."

"कधीपासून?"

"बिटांच्या गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या, साधारण तेव्हापासून."

ओनेन यांनी ही वेळ सहज सांगितली. विल्ट्रूडबाईंनी ती सहज घेतली नाही. पठारावर बिटांचा हंगाम म्हणजे हाइमरबाखचा ब्लेसगेन कारखाना. साखरबिटे धुऊन, शिजवून, पिळून, त्यांचा रस आटवून काळी दाट काकवी करायची आणि डब्यांत भरून विकायची, हा तिथला तीन पिढ्यांचा धंदा. किसलेल्या बटाट्याच्या धिरड्यांवर ती ओतल्याशिवाय या भागात हिवाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही. हंगाम ऑक्टोबरात पेटतो आणि नाताळाआधी विझतो. तक्रारीचा काळही तोच होता. म्हणून विल्ट्रूडबाई सर्वांत आधी तिथेच गेल्या. त्यांना उशिरा सुचले, असे जे म्हटले जाते, तेही खरे नाही.

कारखान्यात रडार होते आणि ते कोणी लपवलेही नाही. पोलादी टाकीच्या माथ्यावर, मुठीत मावेल एवढे एक यंत्र बसवलेले होते. ते खाली लहरी सोडते. काकवीच्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून टाकी किती भरली हे ठरवते. आणि तो आकडा खालच्या खोलीतल्या पडद्यावर दिसतो. वाफ असो, फेस असो, काकवी डांबरासारखी चिकट असो, त्याला फरक पडत नाही. अशी यंत्रे आता तेलाच्या, दुधाच्या, रंगांच्या टाक्यांवर सर्वत्र आहेत आणि त्यांना वेगळा परवाना लागत नाही. मात्र ही सूट एका अटीवर मिळते: टाकी धातूची हवी आणि बंद हवी. यंत्र बनवणारा कारखाना चाचणी घेतो तीही बंद टाकीवर, आणि बाहेर काय पाझरते ते मोजून मगच सही करतो. तेव्हा काटेकोर बोलायचे तर ती सही एकट्या यंत्रासाठी नसते. ती यंत्र आणि झाकण या जोडीसाठी असते.

विल्ट्रूडबाई पांढरी गाडी घेऊन गेल्या तेव्हा झाकण लागलेले होते. सगळे बोल्ट आवळलेले, फरशी धुतलेली, गिडेस स्वच्छ पांढऱ्या कोटात. विल्ट्रूडबाईंनी टाकीभोवती फिरून मोजले, फाटकापाशी मोजले, दरीच्या कडेला जाऊन मोजले. काही नाही. पुढच्या शरदात तक्रार पुन्हा आली, त्या पुन्हा गेल्या, आणि पुन्हा काही नाही. दोन्ही वेळा त्यांनी त्या टाकीला स्वतःच्या सहीने निर्दोष ठरवले. मग त्यांनी पठारावरचे ट्रॅक्टर तपासले, पवनचक्क्या तपासल्या, एका पाद्रीबाबांच्या गराजचे स्वयंचलित दारही तपासले.

"मग काय, ढगांतूनच येतंय म्हणायचं?" ओनेन यांनी विचारले.

"ढग तुमच्या खात्यात येतात, डॉक्टर," विल्ट्रूडबाई म्हणाल्या. त्यांच्या मते त्या तेव्हा विनोद करत नव्हत्या.

तिसऱ्या शरदात पांढऱ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. सेवेकडे दुसरी गाडी रिकामी नव्हती. विल्ट्रूडबाईंच्या शेजारी एक अंडीवाला राहत असे; सोमवारी त्याची फेरी नसे. त्याची गाडी त्यांनी मागून घेतली, अंड्यांचे रिकामे-भरलेले खोके एका बाजूला सरकवले आणि मधल्या जागेत मापनयंत्र ठेवले. कारखान्यात जाण्याचा त्यांचा बेतही नव्हता. पठारावरच्या रस्त्यावर नेहमीच्या जागी थांबून एक मोजणी करायची आणि परतायचे, एवढेच ठरले होते. हाइमरबाखची चढण संपते तिथे यंत्राच्या पडद्यावरची रेघ ताठ उभी राहिली. त्यांनी गाडी थोडी मागे घेतली, रेघ बसली. पुढे घेतली, उभी राहिली. कारखान्याचे फाटक समोर होते.

आत शिरल्यावर त्यांनी आधी वर पाहिले. टाकीच्या माथ्यावरचे मोठे झाकण एका बाजूने उचललेले होते. फटीत लाकडाची पाचर होती आणि तिथून पांढरी वाफ निवांत बाहेर पडत होती.

"अंडी नकोत आज!" गिडेस पडद्यावरची नजर न काढता आतून ओरडले.

"अंडी नाहीत माझ्याकडे. म्हणजे आहेत, पण विकायची नाहीत. मी केसेनिख. मापनवाली."

गिडेस वळले. त्या दिवशी अंगात पांढरा कोट नव्हता. काकवीचे डाग पडलेला जुना स्वेटर होता. "तुम्ही? आणि तुमची पांढरी गाडी कुठाय?"

"बिघडली."

"हात्तिच्या!" ते खुर्चीत मागे रेलले. "तरीच म्हटलं, ट्रीनाचा फोन कसा नाही आला."

ट्रीना म्हणजे गावाच्या वेशीवरची बेकरीवाली. चढणीला सरकारी गाडी लागली की ती कारखान्यात फोन करी. हे केव्हा सुरू झाले, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. अन्नतपासणीचा अधिकारी एकदा अचानक आला आणि उघड्या टाकीवरून मोठा तमाशा झाला, त्यानंतर कधीतरी. तेव्हापासून गावातल्या बेकरीपासून वरच्या फाटकापर्यंत गाडी येईतो कारखान्यात पाचर निघे, झाकण बसे, बोल्ट आवळले जात, फरशीवर पाणी ओतले जाई आणि गिडेस कोट घालत. पांढरी गाडी, वर काहीतरी बसवलेले, दारावर शिक्का: ट्रीनाला तेवढे पुरेसे होते. अन्नाचे खाते आणि रेडिओचे खाते वेगळे असते, हे या गावाने कधी मनावर घेतले नाही.

अशा रीतीने विल्ट्रूडबाई दोन्ही वर्षे जे शोधायला येत, ते त्यांच्या येण्यामुळेच बंद होत असे.

आवाज ऐकून ओडिलिया ब्लेसगेन कार्यालयातून खाली आल्या. चष्मा केसांत, हातात डब्यांवरच्या चिकटपट्ट्यांचे गुंडाळे. गोष्ट कळल्यावर त्यांनी आधी गिडेसकडे पाहिले आणि मग विल्ट्रूडबाईंकडे.

"म्हणजे तुम्ही अन्नतपासणीच्या नव्हेच?"

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, मालकीणबाई. रेडिओ. माझ्या गाडीवर तसं लिहिलंयसुद्धा."

"सांगितलंत खरं. पण तपासणीवालेही आधी हवापाण्याचंच बोलतात." ओडिलियाबाईंनी गुंडाळे खाली ठेवले. "आणि सरकार ते सरकार. एकाने पाहिलं की दुसऱ्याच्या कानावर जातंच. झाकण लावायला मी सांगितलं होतं."

"तुम्ही नाही, मीच माणसं वर पाठवून लावून घेत होतो," गिडेस म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून लावून घेत होता."

"तुम्ही सांगायच्या आत लावलेलं असायचं."

या मुद्द्यावर दोघांचे आजही एकमत नाही.

झाकण उघडे ठेवण्यात आळस नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. ताजी काकवी टाकीत पडते तेव्हा उकळती असते. वाफ थंड झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि थेंब परत काकवीवर पडतात. वरचा थर पातळ होतो, मग काही दिवसांत आंबतो, फसफसतो, आणि तो वास खालपर्यंत उतरतो. त्या टाकीची वाफ सोडणारी नळी अगदी अरुंद होती. म्हणून काकवी निवेपर्यंत झाकणाखाली पाचर द्यायची, ही तिथल्या गुळव्यांची जुनी रीत. तिला ते 'श्वास देणे' म्हणत. पाऊसवारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे झाकणाची पूर्वेची बाजू उचलायची, हेही ठरलेले. पूर्वेला दरी होती आणि दरीत परात. काकवीवरून परतलेल्या लहरी टाकीच्या तोंडातून वर येत, तिरक्या झाकणाच्या पोलादी पोटावर आपटत आणि आरशातून निघाव्यात तशा पूर्वेकडे जात.

"दुसऱ्या बाजूनं उचला ना," विल्ट्रूडबाई म्हणाल्या.

"पश्चिमेनं? आत पाऊस येईल, बाई. काकवीचा काढा होईल."

"मग झाकण उघडं असताना रडार बंद ठेवा."

गिडेस पडद्याकडे पाहत राहिले. बोलल्या त्या ओडिलियाबाई, आणि आवाज उतरवून.

"रडार कशासाठी बसवलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. काकवी पडते आणि निवते, तेव्हाच तर ते लागतं. फेस चढतो, बसतो, पुन्हा चढतो. कोणीतरी सारखं बघत राहावं लागतं. पूर्वी गिडेस वर चढून काठी बुडवून बघायचे. दिवसातून किती वेळा, देव जाणे. मग त्यांचा खुबा गेला. बदलला, पण शिडी नको म्हणाले डॉक्टर. तो पडदा म्हणजे त्यांचा पाय आहे."

"मी इथंच उभा आहे," गिडेस म्हणाले. "मला ऐकू येतं. खुबा गेलाय, कान नाही."

"मग बोला की तुम्हीच."

"काय बोलू? बरोबर आहे ते." ते विल्ट्रूडबाईंकडे वळले. "पेन्शनीला अजून हा हंगाम आणि पुढचा आहे. घरी कोणी नाही. तिथं बसून काय करू, भिंतींची पातळी मोजू?"

प्रश्न येथे स्वच्छ झाला होता आणि तो तिघांनाही कळला होता. झाकण उघडे आणि रडार चालू, हे चालणार नव्हते. झाकण बंद करून रडार चालू ठेवले तर गिडेस राहत, पण काकवी आंबत असे. झाकण उघडे ठेवून रडार बंद केले तर काकवी चांगली होई, पण शिडी चढणारा दुसरा माणूस आणावा लागे. नळी रुंद करायची तर टाकी रिकामी करून पत्रा कापायला हवा होता, आणि हंगाम ऐन भरात होता. अंगणात बिटांचे ढीग छातीएवढे लागले होते.

विल्ट्रूडबाईंनी तिथेच सक्तीचा आदेश द्यायला हवा होता, असे त्यांचे वरिष्ठ पुढे म्हणाले. त्यांनी तो दिला नाही. त्या रसाच्या खोलीत गेल्या, चोथा गाळायची एक बारीक पोलादी जाळी उचलून उजेडात धरली आणि विचारले, "ही जास्तीची आहे का?"

जाळीतून वाफ जाते. छिद्रे पुरेशी लहान असली तर लहरी बहुतांशी अडतात. ओडिलियाबाईंनी टाकीच्या तोंडाएवढी जाळी कापून घेतली, धातूच्या पट्टीने कडेला दाबून बसवली, आणि तिच्यावर झाकण पाचरीवर टेकवले. विल्ट्रूडबाईंनी फाटकापाशी मोजले. चढणीवर मोजले. दरीच्या कडेला, वाऱ्यात, खांदा धरून मोजले. पडद्यावरची रेघ आडवी होती.

गिडेस यांनी त्या दिवशी धिरडी मागवली. अंडी अंडीवाल्याच्या गाडीतली घेतली आणि हिशेबाची चिठ्ठी पुढच्या सीटवर ठेवली. गावातली आख्यायिका उगवली असेल तर या एका व्यवहारातून.

दुसऱ्या दिवशी ओनेन यांचा फोन आला.

"अजून आहे," ते म्हणाले. "बारीक झालंय, खूपच बारीक. पण आहे."

"माझ्या यंत्रावर काही नाही, डॉक्टर. मी तीन ठिकाणी पाहिलं."

"तुम्ही पाहिलंच असणार. तुमचं यंत्र चांगलं आहे." ओनेन यांना वाईट वाटत होते, असे विल्ट्रूडबाई म्हणतात. "पण तुमच्याकडे शांतता असते तिथं आमचं ऐकणं सुरू होतं. मी ज्या ढगाकडे बघतोय, तो या तुमच्या उरलेल्या रेघेपेक्षाही हळू बोलतो. मी काय करू?"

विल्ट्रूडबाईंनी तरीही एक प्रयत्न केला. दक्षिणेकडे, जिथे ती यंत्रे बनतात, त्या कारखान्याच्या चाचणी विभागात त्यांनी फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता. जाळीची कल्पना त्याला आवडलीही. "पण बाई, आमची सही बंद टाकीवर आहे," तो म्हणाला. "जाळी म्हणजे बंद नव्हे. तुमच्या एका टाकीसाठी सगळी चाचणी पुन्हा उभी करायला इथं कोणी तयार होणार नाही. झाली तरी हंगामानंतर."

त्या फोन ठेवून पुन्हा हाइमरबाखला गेल्या. या वेळी दुरुस्त होऊन आलेल्या पांढऱ्या गाडीतून, आणि ट्रीनाने फोन केला नाही; तिच्या लेखी ही गाडी आता आपल्याच माणसाची होती. विल्ट्रूडबाईंना ते खटकले, हे मी त्यांनी स्वतः सांगितले म्हणून लिहितो.

टाकीखालच्या खोलीत ओडिलियाबाई आणि गिडेस दोघेही होते. विल्ट्रूडबाईंनी सांगायचे ते उभ्यानेच सांगितले.

"जाळीनं भागलं नाही. परातीला अजून ऐकू जातंय. आणि ऐकू गेलं नसतं तरी नियमात जाळी बसत नाही. आजपासून झाकण उघडं असेल तेव्हा हे यंत्र बंद. किंवा यंत्र चालू तेव्हा झाकण बंद. दोन्हीपैकी काय, ते तुम्ही ठरवा. ते ठरवायला मी आलेली नाही."

"ठरवायचं काय त्यात," ओडिलियाबाई म्हणाल्या. "झाकण लावा. एक हंगाम काकवी थोडी पातळ निघेल. वरचा थर काढून टाकू. लोक धिरड्यावर ओतताना काय हुंगून बघतात?"

"हुंगतात," गिडेस म्हणाले.

"गिडेस, मी तुमच्यासाठी बोलतेय."

"कळतंय मला ते. म्हणूनच नको." ते हळू बोलत होते, पण थांबत नव्हते. "आंबलेली काकवी डब्यात भरायची आणि लोकांनी म्हणायचं, लुसेमचा हात गेला. खुबा गेला म्हणाले तर म्हणू दे. हात गेला म्हणायला नको."

"कोण म्हणणार आहे!"

"मी म्हणेन."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल तिघांचेही सांगणे जवळजवळ सारखे आहे. पडद्याशेजारची कळ फिरवून त्यांनी रडार बंद केले, कोपऱ्यातली मोजायची काठी उचलली आणि ते शिडीपाशी गेले. ओडिलियाबाई "अहो, अहो" करत पुढे झाल्या. विल्ट्रूडबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांना अडवण्यासाठी की आधारासाठी, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. गिडेस चढू लागले. चांगला पाय वर, मग दुसरा त्याच्याशेजारी, लहान मूल जिना चढते तसे. अर्ध्यावर गेल्यावर ते थांबले. काठी कडीला अडकवली, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि कपाळ लोखंडाला टेकवले. वर टाकी फसफसत असल्याचा आवाज खाली ऐकू येत होता.

मग ते तसेच एकेक पाय खाली घेत उतरले.

"फेस चढतोय," ते ओडिलियाबाईंना म्हणाले. "बिटं धुणाऱ्या माणसाला बोलवा. त्याला वर पाठवा आणि सांगा, काठी मधोमध बुडव, कडेला नाही. कडेला खोटं दिसतं."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला दोन दिवस दाखवतो. पुढे त्याचं तो बघेल."

ओडिलियाबाई विल्ट्रूडबाईंकडे वळल्या. त्या नजरेचा अर्थ विल्ट्रूडबाईंना कळला. ती नजर त्यांनी इतक्या घरांत, इतक्या दारांत पाहिली होती. तपासणीच्या कागदावर गिडेस यांनी सही केली. कारखान्याच्या वतीने सही मालकिणीने करायची असते. ओडिलियाबाईंनी केली नाही, ती गिडेस यांनी केली. सेवेच्या दप्तरात ही त्रुटी तशीच आहे.

गिडेस यांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस बिटे धुणाऱ्या माणसाला काठी धरायला शिकवले आणि ते घरी राहिले. पुढच्या उन्हाळ्यात टाकीचा पत्रा कापून रुंद नळी बसवण्यात आली. आता झाकण कायम बंद असते, रडार चालू असते आणि काकवी आंबत नाही. ओडिलियाबाईंनी गिडेस यांना परत बोलावले. ते आले नाहीत. उशीर झाला, एवढेच त्यांनी कळवले. त्यात राग नव्हता, असे ओडिलियाबाई म्हणतात. विल्ट्रूडबाईंचे म्हणणे, होता, पण थोडा.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात विल्ट्रूडबाई खालच्या गावात हाडांच्या डॉक्टरांकडे खांदा दाखवायला गेल्या. प्रतीक्षेच्या खोलीत गिडेस बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि दुसरी नव्हती. त्या बसल्या. दोघे समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहत होते.

"खांदा?" गिडेस यांनी विचारले.

"खांदा. तुमचा तो दुसरा खुबा?"

"दुसरा." मग थोड्या वेळाने, "ती परात. तिला आता नीट ऐकू येतं का?"

"येतं म्हणतात."

"काय ऐकते एवढं?"

"थंड ढग. फार लांबचे."

गिडेस यांनी मान हलवली. "आणि काय म्हणतात ते?"

"अजून काही कळलं नाही, असं डॉक्टर सांगत होते. ऐकत राहावं लागतं म्हणाले, वर्षानुवर्षं."

आतून परिचारिकेने "लुसेम!" अशी हाक मारली. गिडेस खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठू लागले. पहिल्या खेपेला जमले नाही. विल्ट्रूडबाईंनी आपला चांगला हात पुढे केला. त्यांनी तो धरला, उठले, आणि विल्ट्रूडबाईंकडे नीट पाहून म्हणाले,

"ऐकू दे त्यांना, बाई."